आराखड्यातली सुरक्षितता

ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्हा झाला आणि जुन्या शहरांना सहसा न मिळणारी एक संधी पांढुर्णा व सौंसर या दोन मराठीभाषक तहसिलींच्या वाट्याला आली. नव्या जिल्ह्याला कलेक्टर कचेरी लागते, पोलीस अधीक्षकांचे कार्यालय लागते, न्यायालये, कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि त्यांना जोडणारे रस्ते लागतात. या सगळ्यांच्या मागोमाग जमिनीचे भाव चढतात, गावालगतची शेते बिनशेती होतात आणि प्लॉट पडू लागतात. अशा वेळी रस्त्याची रुंदी, पाण्याची टाकी आणि गटाराचा उतार यांवर भरपूर चर्चा होते, परंतु या रस्त्याने रात्री नऊनंतर एकटी बाई निर्धास्तपणे घरी जाऊ शकेल काय, हा प्रश्न नकाशासमोर बसलेल्या मंडळींच्या तोंडी क्वचितच येतो. सुरक्षितता हा पोलीस ठाण्याचा विषय आणि नकाशा हा अभियंत्याचा, अशी वाटणी आपल्याकडे पक्की झालेली आहे. ही वाटणी चुकीची असल्याचे गेल्या साठ वर्षांतील अभ्यासाने दाखवून दिले आहे, कारण गुन्हा कुठे घडतो आणि कुठे घडत नाही हे बऱ्याच अंशी त्या जागेच्या बांधणीवर ठरते, आणि ती बांधणी एकदा सिमेंटमध्ये उतरली की पुढची पन्नास वर्षे बदलता येत नाही.

विचाराची जडणघडण

या विचारपद्धतीला पर्यावरणीय रचनेद्वारे गुन्हेप्रतिबंध असे म्हणता येईल. पर्यावरण म्हणजे येथे माणसाने बांधलेला परिसर, अर्थात रस्ते, भिंती, दारे, खिडक्या, झाडे, दिवे आणि मोकळ्या जागा. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 साली मोठ्या शहरांच्या जीवनमरणावर लिहिलेल्या ग्रंथात असे मांडले की रस्त्याची शांतता मुख्यतः पोलीस राखत नाहीत, तर दुकानदार, खिडकीतून डोकावणारे रहिवासी आणि येणारे-जाणारे लोक यांच्या सहज पडणाऱ्या नजरेमुळे ती राखली जाते. गुन्हेशास्त्रज्ञ सी. रे जेफरी यांनी 1971 मध्ये या विषयाला त्याचे आजचे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी ‘संरक्षणक्षम अवकाश’ ही कल्पना मांडली. ज्या जागेवर रहिवाशांना आपला हक्क वाटतो, जिच्यावर त्यांची नजर राहते आणि जिथे अनोळखी माणूस चटकन ओळखू येतो, तो संरक्षणक्षम अवकाश होय. न्यूमन यांच्यासमोर सेंट लुइस शहरातील प्रुइट-आयगो या वसाहतीचे उदाहरण होते. अकरा मजल्यांच्या 33 इमारतींची ही सरकारी वसाहत पन्नाशीच्या दशकात गरिबांसाठी बांधली गेली, पण तिच्यातील लांबलचक सामाईक मार्गिका, जिने आणि इमारतींमधील विस्तीर्ण पटांगणे कोणाचीच नव्हती. दुरुस्तीला पैसा नव्हता, घरे रिकामी होत गेली, गुन्हे वाढले आणि 1972 पासून सरकारलाच त्या इमारती सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. या पडझडीला दारिद्र्य आणि वर्णभेदी धोरणेही तितकीच जबाबदार होती, हे नंतरच्या अभ्यासकांनी योग्यच सांगितले; तरीसुद्धा घराच्या दाराबाहेरची जागा कोणाची, हा न्यूमन यांचा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये गुन्ह्याचे एक सोपे समीकरण मांडले: गुन्हा करण्यास उद्युक्त माणूस, त्याला सोयीचे लक्ष्य आणि राखण करणाऱ्याचा अभाव या तीन गोष्टी एका जागी आणि एका वेळी जुळून आल्या की गुन्हा घडतो. पहिल्या गोष्टीवर शिक्षण, रोजगार आणि संस्कार यांचा परिणाम व्हायला पिढ्या लागतात. उरलेल्या दोन मात्र रचनेच्या आवाक्यात येतात. संधी काढून घेतली तर गुन्हा किती कमी होतो, याचे बोलके उदाहरण पश्चिम जर्मनीचे आहे. तेथे 1980 मध्ये हेल्मेटशिवाय मोटारसायकल चालवणाऱ्यांना जागच्या जागी दंड सुरू झाला, आणि त्या वर्षी दीड लाखाच्या घरात असलेल्या मोटारसायकल-चोऱ्या 1986 पर्यंत सुमारे 54 हजारांवर आल्या. चोर बहुधा हेल्मेट घेऊन फिरत नसतो, आणि उघड्या डोक्याने पळवलेली गाडी पहिल्याच चौकात अडवली जाऊ लागली. कायदा डोके वाचवण्यासाठी होता. त्याने मनात क्षणभर येणारा चोरीचा मोहही मोडून काढला.

ओटा, पार आणि कंपाउंडची भिंत

या शास्त्राची चार मुख्य सूत्रे सांगितली जातात: सहज नजर, प्रवेशावर नियंत्रण, आपलेपणाची हद्द आणि देखभाल. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील आणि नागपूरकडच्या जुन्या वस्त्या पाहिल्या तर ही सूत्रे कोणत्याही ग्रंथाशिवाय तिथे रुजलेली दिसतात. जुन्या घराला रस्त्याच्या कडेने ओटा असतो. सकाळी त्यावर म्हातारे माणूस ऊन खात बसते, दुपारी बायका धान्य निवडतात, संध्याकाळी शेतातून परतलेली मंडळी टेकतात, आणि या सगळ्यांच्या समोरून गेल्याशिवाय गल्लीत कोणाला शिरताच येत नाही. ओटा घराचा असतो आणि रस्त्याचाही. त्यावर बसलेल्या माणसाला नवख्याला ‘कोणाकडे जायचं भाऊ?’ असे विचारण्याचा अधिकार गावाने दिलेला असतो. दारापुढचा सडा आणि रांगोळी ही हद्द भिंतीशिवाय आखतात. वडापिंपळाभोवतीचा पार चार वाटा एकत्र येतात तिथेच बांधलेला असतो, म्हणजे गावाची बैठक आणि गावाची चौकी एकाच जागी येतात. अर्थात ही रचना निर्दोष नव्हती: तीच नजर जातीच्या वेशी सांभाळत असे, आणि सुनेच्या येण्याजाण्यावर पहारा ठेवत असे. तिच्यातील सोबत घ्यायची आणि जाच टाकायचा, एवढा विवेक आजच्या रचनाकाराला करावा लागेल.

याउलट गावाबाहेर पडणाऱ्या नव्या ले-आउटचे चित्र सगळीकडे सारखेच आहे. प्रत्येक प्लॉटला सात-आठ फुटांची कंपाउंडची भिंत, तिला पत्र्याचे बंद फाटक, आणि रस्त्याकडे तोंड करून मोटारीची जागा. बैठकीची खोली मागे सरकलेली, त्यामुळे रस्त्यावर काय चालले आहे हे घरातल्या कोणालाच दिसत नाही. दोन बांधलेल्या घरांमध्ये गुंतवणुकीसाठी घेऊन ठेवलेले तीन मोकळे प्लॉट असतात, त्यांत पावसाळ्यात कंबरभर गाजरगवत माजते आणि कोपऱ्यात विटांचे अर्धवट जोते उभे असते. उंच भिंतीमुळे घर सुरक्षित झाले असे मालकाला वाटते, परंतु भिंतीवरून आत उतरलेल्या चोराला तीच भिंत शेजाऱ्यांच्या नजरेपासून आडोसा देते. यावरचा उपाय खर्चिक नाही. भिंतीचा खालचा भाग तीन फूट पक्का आणि वरचा जाळीचा ठेवणे, स्वयंपाकघराची वा बैठकीची एक तरी खिडकी रस्त्याकडे काढणे, रस्त्याकाठची झुडपे दोन-तीन फुटांवर छाटणे आणि झाडांच्या खालच्या फांद्या सहा-सात फुटांच्या वर राखणे, एवढ्याने डोळ्यांच्या पातळीवरचा पट्टा मोकळा राहतो आणि सावलीही टिकते. मोकळ्या प्लॉटची सफाई ही मालकाची जबाबदारी ठरवून ती न केल्यास नगर पालिकेने साफ करून खर्च वसूल करणे, हा देखभालीच्या सूत्राचा साधा वापर होय. दुर्लक्षित जागा म्हणजे इथे कोणाचे लक्ष नाही असे उघड आमंत्रण ठरते.

उजेड कुठे पडावा

दिव्यांच्या बाबतीत खांब मोजण्याची सवय आहे, उजेड मोजण्याची नाही. रस्त्याच्या मधोमध प्रकाश पाडणारा उंच दिवा वाहनाच्या कामाचा असतो, पण पायी चालणारा माणूस कडेने, झाडांच्या सावलीतून आणि उभ्या ट्रकच्या आडून चालतो, आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा तो जवळ येण्याआधी ओळखू आला तरच त्याला रस्ता बदलण्याची सवड मिळते. झगझगीत दिव्यानंतर लगेच येणारा काळोख हा सलग मंद उजेडापेक्षा अधिक धोक्याचा असतो, कारण डोळ्यांना त्या अंधाराशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी 2008 मध्ये अमेरिका व ब्रिटनमधील तेरा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा रस्त्यावरील दिवे सुधारलेल्या भागांत गुन्हे सुमारे 21 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. विशेष म्हणजे घट केवळ रात्रीच्या गुन्ह्यांपुरती नव्हती, दिवसाचे गुन्हेही कमी झाले होते. आपल्या वस्तीकडे कोणीतरी लक्ष देत आहे ही भावना निर्माण झाली की रहिवासीही बाहेर पडतात आणि परिसराची काळजी घेऊ लागतात, असा अर्थ संशोधकांनी त्यातून काढला.

पांढुर्णा आणि सौंसर येथे उजेडाचा हा प्रश्न काही नेमक्या ठिकाणी येऊन ठेपतो. पांढुर्णा नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक आहे आणि नागपूर-बैतूल-भोपाळ महामार्ग त्याला लागून जातो. सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे, आणि तेथून जाणारी जुनी नॅरोगेज रेल्वे आता ब्रॉडगेज झाली आहे. रुंद झालेला महामार्ग आणि रेल्वेमार्ग वस्तीला आणि शेतांना मधोमध कापतात, आणि पलीकडे जायला अंडरपास उरतो. ज्याचे दुसरे तोंड आत शिरण्यापूर्वी दिसत नाही, ज्यात पावसाळ्यात पाणी साचते आणि ज्याच्या आसपास एकही दुकान नाही, असा अंडरपास वाहनासाठी सोय आणि पायी जाणाऱ्या मुलीसाठी भीती ठरतो. सरळ आणि आरपार दिसणारा मार्ग, भिंतींना पांढरा रंग, दिवसाही चालू राहणारे दिवे आणि तोंडाशी परवाना असलेली एखादी चहाची टपरी, ही तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरली पाहिजे. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात पाळी सुटण्याच्या वेळा, स्थानकावर रात्री थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा आणि शेवटच्या बसची वेळ यांचा मेळ घालून त्या त्या वेळी बसथांब्याजवळ उजेड आणि माणसांची वर्दळ राहील, एवढे पाहणे वेळापत्रकाच्या कागदावरही शक्य आहे.

टपरी आणि हातगाडी यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. रस्ता साफ करायचा म्हणजे फेरीवाले उठवायचे, अशी प्रशासनाची समजूत असते. पण रात्री अकरापर्यंत पोहे-चहा विकणारा माणूस हा त्या चौकाचा बिनपगारी राखणदार असतो. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली झालेल्या केंद्रीय कायद्याने नगर पथविक्रेता समितीची आणि विक्रीच्या जागा ठरवण्याची तरतूद केलेली आहे. त्या जागा ठरवताना कोणता कोपरा रात्री ओस पडतो याचा विचार केला, तर विक्रेत्याला हक्काची जागा आणि वस्तीला सोबत, असे दोन्ही हेतू साधतात. मुंबईत ऑगस्ट 2013 मध्ये एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर ज्या शक्ती मिलच्या आवारात सामूहिक अत्याचार झाला, ते आवार शहराच्या ऐन मध्यभागी, महालक्ष्मी स्थानकाजवळ होते. पण बंद गिरणीच्या त्या पडीक जागेत ना उजेड होता ना माणसे. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या पोटातही एक ओसाड जागा राहू शकते, आणि ती किती घातक ठरते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

गोटमारीने विचारलेला प्रश्न

नजर, उजेड आणि वर्दळ यांवर भर देणाऱ्या या शास्त्राला पांढुर्ण्यातच एक अवघड प्रतिप्रश्न उभा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो त्याच दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, दोन्ही काठांवरून दगडांचा मारा सुरू होतो, आणि झाड तोडून झेंडा हस्तगत करण्यासाठी पात्रात उतरलेल्यांवर समोरच्या काठावरून दगड बरसतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या प्रेमाची दंतकथा या प्रथेमागे सांगितली जाते आणि चंडीमातेच्या पूजेशी ती जोडलेली आहे. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे डोळे आणि हातपाय कायमचे निकामी झाले आहेत, आणि अनेक कुटुंबांनी आपली माणसे त्या पात्रात गमावली आहेत.

परिस्थितीजन्य प्रतिबंधाचे, म्हणजे गुन्ह्याची संधीच काढून घेण्याचे, जवळजवळ प्रत्येक साधन येथे वापरून झाले आहे. प्रशासन जमावबंदीचे आदेश काढते, गोफणीवर बंदी घालते, दारूची दुकाने बंद ठेवते, कॅमेरे लावते, ड्रोन उडवते, मोठा पोलीस बंदोबस्त ठेवते आणि काठावर तात्पुरती उपचार केंद्रे उभारते. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयत्न झाला, पण लोकांनी तो स्वीकारला नाही. इथे अंधार नाही, एकांत नाही, राखण करणाऱ्यांची उणीव नाही. भर दिवसा, हजारो डोळ्यांसमोर माणसाचे डोके फुटते आणि काठावरून आरोळी उठते. म्हणजे नजर असणे पुरेसे नाही. ती नजर नापसंतीची असावी लागते, आणि नापसंती बोलून दाखवण्याचे बळ त्या समाजात असावे लागते. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये शिकागोतील वस्त्यांचा अभ्यास करून याच बळाला ‘सामूहिक परिणामकारकता’ म्हटले. शेजाऱ्यांचा एकमेकांवरील विश्वास आणि सर्वांच्या भल्यासाठी मध्ये पडण्याची तयारी, असा त्याचा अर्थ. ज्या वस्तीत हे बळ अधिक, तिथे दारिद्र्य असूनही हिंसा कमी आढळली.

गोटमारीने रचनेची मर्यादा दाखवली, तसा पुढचा मार्गही ती सुचवते. ज्या दोन गावांत एरवी सोयरीक आहे, एकच बाजार आहे, त्यांच्यात मध्ये पडणाऱ्यांचे बळ नाही असे म्हणता येणार नाही. ते बळ त्या एका दिवशी परंपरेच्या नावाखाली गप्प बसते. बंदीचे हुकूम बाहेरून येतात म्हणून ते झुगारले जातात. पूजा, झेंडा, मिरवणूक आणि दोन गावांची चुरस टिकवून दगड वगळणारे रूप दोन्ही काठांवरच्या जाणत्या मंडळींनी, विशेषतः जखमींच्या घरच्यांनी आणि बायकांनी, स्वतः ठरवले तर नदीकाठाची फेररचना, प्रेक्षकांसाठी सुरक्षित अंतर आणि पात्रात उतरण्याच्या वाटांवरील नियंत्रण या उपायांना अर्थ येईल. आधी संमती आणि मग रचना, हा क्रम येथे उलटवता येत नाही.

याच तहसिलींत गर्दीच्या रचनेची दुसरी कसोटी सौंसरजवळच्या जामसावळीला लागणार आहे. पिंपळाखाली निजलेल्या रूपातील हनुमानाच्या या मंदिरात शनिवारी-मंगळवारी मोठी रीघ लागते, आणि 2023 मध्ये तेथे हनुमान लोक या विस्तृत प्रकल्पाची पायाभरणी झाली. अशा ठिकाणी पाकीटमारी, मुले हरवणे आणि छेडछाड यांची सगळी मुळे अरुंद फटीत आणि उलटसुलट प्रवाहात असतात. आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवणे, चपला आणि प्रसादाची दुकाने रांगेच्या तोंडापासून दूर नेणे, आणि स्त्रियांची स्वच्छतागृहे मागच्या कोपऱ्यात न लपवता उजेडाच्या, नजरेच्या वाटेवर बांधणे, हे निर्णय संगमरवराच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहेत.

आक्षेप आणि पुढची दिशा

या विचारावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की एका गल्लीत बंदोबस्त केला तर चोर दुसऱ्या गल्लीत जातो. रॉब ग्युरेट आणि केट बोअर्स यांनी 2009 मध्ये अशा 102 मूल्यमापनांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतील सुमारे एक चतुर्थांश निरीक्षणांत गुन्हा सरकल्याचे दिसले, पण जवळजवळ तितक्याच निरीक्षणांत शेजारच्या भागालाही सुधारणेचा लाभ झाल्याचे आढळले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुरक्षिततेच्या नावाखाली फाटके, काटेरी तारा आणि पहारेकरी उभे करून गरिबांना, फासेपारध्यांसारख्या कलंकित ठरवलेल्या समाजांना आणि फिरत्या मजुरांना बाहेर ठेवले जाते. संत्र्याच्या तोडणीला आलेले मजूर कुंपणाबाहेर राहतात, त्यांच्या पालांत ना दिवा ना संडास, आणि चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. जी रचना काहींना सुरक्षित करून इतरांना उघड्यावर टाकते ती गुन्हा कमी करत नाही, त्याचे ओझे दुर्बळांच्या माथी मारते. म्हणून मोसमी मजुरांसाठी पाणी, उजेड आणि दाराला आतून कडी असलेली स्वच्छतागृहे असलेली निवाऱ्याची जागा हा देखील गुन्हेप्रतिबंधाचाच भाग मानला पाहिजे.

केंद्र सरकारने निर्भया निधीतून सुरक्षित शहर योजना हाती घेतली ती मुंबई, दिल्ली, चेन्नई यांसारख्या आठ महानगरांसाठी. 2011 च्या जनगणनेत सुमारे 45 हजार वस्ती असलेल्या पांढुर्ण्यासारख्या गावाने तशा निधीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दिल्लीत जागोरी या संस्थेने रुजवलेली सुरक्षा-पाहणीची पद्धत कागद, पेन्सिल आणि काही जणींची सवड एवढ्यावर चालते: वार्डातील बायका, मुली आणि वृद्ध संध्याकाळी एकत्र निघतात, नकाशा हाती घेऊन ठरलेला रस्ता पायी चालतात, आणि कुठे दिवा नाही, कुठे वाट आरपार दिसत नाही, कुठे कोणाला हाक मारता येणार नाही, कुठे पुरुषांचीच टोळकी असतात, हे नोंदवतात. अशी नोंद पार्षदाकडे आणि ठाण्यात एकाच वेळी गेली, आणि पोलिसांच्या तक्रारवहीतील जागांशी ती ताडून पाहिली, की पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात दिवे कोठे लावायचे याचे उत्तर आपोआप मिळते. मध्य प्रदेशाच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. आजवर या हरकती प्रामुख्याने आपला प्लॉट रस्त्यात जातो म्हणून दिल्या जातात, त्यांत या पाहणीच्या नोंदी जोडल्या गेल्या पाहिजेत. नव्या ले-आउटला मंजुरी देताना सुरक्षिततेचे निकष तपासणे, नवी सरकारी कार्यालये गावाबाहेर एकाकी न टाकता बाजार आणि बसस्थानकाशी जोडणे, आणि शाळेच्या वाटा आधी आखून मग रस्त्यांची आखणी करणे, हे तीन नियम नव्या जिल्ह्याने आत्ताच स्वीकारले, तर त्यांचा खर्च जवळजवळ शून्य आहे. दहा वर्षांनी तेच करायचे म्हटले तर भिंती पाडाव्या लागतील, जमिनी पुन्हा घ्याव्या लागतील आणि तोवर ज्यांनी भीतीपोटी शिक्षण किंवा नोकरी सोडली असेल, त्यांचे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकातून भरून निघणार नाही. पांढुर्णा जिल्ह्याचे नकाशे अजून कागदावर आहेत; पेन्सिलीची रेघ बदलता येते तोवरच ती बदलण्याची जबाबदारी प्रशासनाची आणि ती बदलून घेण्याची जबाबदारी नागरिकांची आहे.